हाजीरचाचांचा तिसरा पुकारा

हाजीरचाचा जुनी फाईल शोधायला आत शिरण्याआधी तिला हाक मारायचे. म्हणजे फाईलमधल्या माणसांना. आमच्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टामागे रेकॉर्ड रूमची बैठी, कौलारू इमारत होती. तिच्या उंबऱ्यावर वहाणा काढून ते उभे राहायचे आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून ओरडायचे, "वादी गणू बाळा हाजीर होऽऽ!" तीन वेळा वादीला, तीन वेळा प्रतिवादीला. मग मान कलती करून ऐकायचे. ज्यांना हाका मारल्या त्यांना मरून बहुतेकदा एक पिढी उलटलेली असायची. चाचा मात्र समाधानानं मान हलवून आत जायचे आणि बाहेरच्या माणसाचा चहा संपायच्या आत लाल रुमालात बांधलेला गठ्ठा काखेत मारून परत यायचे.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, इतरत्र कुणाला माहीत नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कोर्टाच्या दारात पक्षकारांची नावं पुकारण्यात घालवली, रेकॉर्ड रूमची किल्ली नंतर हातात आली. त्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा, त्यामुळे उरुसातल्या कुस्त्यांच्या मैदानातही पैलवानांची नावं पुकारायला त्यांनाच धरून न्यायचे. कोर्टात सगळेच सन्माननीय, विद्वान किंवा नामदार. माणसाला त्याच्या नुसत्या नावानं हाक मारायचं काम एकट्या चाचांकडं होतं.

जुन्या निकालाची नक्कल हवी असली तर अर्जात दाव्याचा नंबर आणि साल लिहावं लागतं. आमच्याकडच्या माणसांना ते कधीच ठाऊक नसतं. "आज्याचा दावा हुता. विहीर खांदली त्याच्या दुसऱ्या वर्षाचा," एवढ्या पुराव्यावर ती येतात. कारकून त्यांना हाकलायचे, चाचा बसवून घ्यायचे. "नंबर सरकारनं दिलेला," ते म्हणायचे. "नाव आयबापानं दिलेलं. मानूस कशाला वळंल, तुमीच सांगा."

कारकून रेकॉर्ड रूममध्ये भर दुपारीसुद्धा एकटे जात नसत. आत विंचू आहेत असं ते सांगायचे. एकदा विट्याकडचा एक तरुण आला होता. परमुलखात सोनं गाळायचं दुकान, दोन दिवसांची सवड, हातात दोन फोन. आजीच्या दाव्याची नक्कल हवी होती. चाचांनी आजीचं नाव तीनदा पुकारलं आणि कान दिला. तो हसला. मग हसायचा थांबला. आतून बांगड्या वाजल्यासारखं काहीतरी झालं.

"काय वाजलं चाचा?"

"आल्या जनू. जरा वाईच थांबा, म्हातारं मानूस हाय."

तो गडी दोन्ही फोन घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. नक्कल शेवटी टपालानं मागवली. मी तेव्हा व्हरांड्यातच होतो. पत्र्याच्या मांडण्या, उंदीर, कौलांतून येणारा वारा, अशी कारणं मी स्वतःला दिली. मी कॉलेजात शिकवतो, कारणं द्यायची सवय आहे.

मी तिथं आलो होतो माझ्या वडिलांच्या दाव्यासाठी. वडील फौजेत होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा शेताकडं जाणारी आमची वहिवाटीची वाट शेजाऱ्यानं अडवली आणि वर त्यानंच दावा लावला. सुनावणीच्या दिवशी वडील कोर्टात गैरहजर म्हणून एकतर्फी हुकूम झाला, वाट गेली. संध्याकाळी घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "मी तिथंच हुतो. मला कुणी बोलवलंच न्हाई." यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. "फौजी पळाला," असं गावानं ठरवलं आणि आईनं मनातून ते मान्य केलं. वडील गेले. पुढं शेतही विकलं. आता आई सांगलीला माझ्याजवळ असते. गेल्या वर्षी आजारातून उठल्यावर तिनं मला एकच काम सांगितलं. "तुझा बाप त्या दिशी कोर्टात गेला हुता का न्हाई, तेवढं बघून ये. मला आता वर जाऊन त्यास्नी तोंड दावायचं हाय."

मी अर्ज दिला. चाचांनी नावं वाचली आणि अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. पुकारा केला नाही. "पुढल्या आठवड्यात या, सर." पुढल्या आठवड्यात फाईल सापडत नव्हती. त्याच्या पुढल्या आठवड्यात किल्ली घरी राहिली होती. बाकी लोकांच्या आज्या-पणज्या चहा संपायच्या आत बाहेर येत होत्या, माझ्या वडिलांना मात्र कुणी हाक मारत नव्हतं. चाचांना चहापाण्याची अपेक्षा असावी असा मी तर्क केला. आयुष्यात मी काढलेल्या तर्कांपैकी त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

चौथ्या खेपेला मी आवाज चढवला. "चाचा, आई अंथरुणाला खिळायच्या आत द्या म्हणजे झालं."

चाचांनी टेबलाचा खण ओढला. लाल रुमाल तिथंच होता, बहुधा पहिल्या दिवसापासून. त्यांनी गाठ सोडून रोजच्या कामकाजाचा कागद माझ्यापुढं सरकवला. 'प्रतिवादी दौलत रामा यांस तीन वेळा पुकारले. गैरहजर.' खाली सही, शिक्का. सगळं रीतसर. मी उठलो. आईला काय सांगायचं ते ठरवत होतो.

"बसा सर. कागूद खोटा हाय."

"खोटा?"

"म्हंजी पुकारलं म्या. तीनदा पुकारलं. पर आदल्या दिशी उरुसाचं मैदान हुतं. पन्नास जोड्या पुकारल्या, घसा पार बसला हुता. सकाळी तोंडातनं नुसती हवा. सांगितलं असतं तर दुसरा मानूस उभा केला असता. न्हाई सांगितलं. नोकरी नवी, मिजास लय. दारात हुबा ऱ्हाऊन नुसतं तोंड हलिवलं." त्यांनी बाहेरच्या चिंचेकडं बोट केलं. "तितं बुडात एक फौजी बसला हुता. खाकी कोट. सकाळपासनं दाराकडं बघत. मला दिसत हुता. पाचला आला आन् मला इचारलं, आमचं नाव कवा पुकारनार? म्या म्हनलं, झालं की. त्यो नुसता बघत ऱ्हायला. कोटाला एक बटन पांढरं हुतं, सदऱ्याचं. मी त्या बटनाकडंच बघितलं. तोंडाकडं बघायची छाती झाली न्हाई."

त्यांनी तो कागद उलटा करून ठेवला.

"त्यापायीच हितं आत जायच्या आधी पुकारतो," चाचा म्हणाले. "कुनाचं राहिलं असंल तर यील म्हनून. समदी येत्यात. कोन खोकतं, कोन बांगड्या वाजिवतं. तुमचे वडील तेवढे येत न्हाईत. एकटा असताना लय डाव पुकारलं म्या."

आईला मी कागदाची नक्कल दाखवलीच नाही. चाचा काय म्हणाले ते सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "बटन कसलं म्हनाला?"

"पांढरं. सदऱ्याचं."

"त्या दिशी सकाळी म्या लावलं हुतं. पितळी गावलं न्हाई." मग बराच वेळ ती आपल्या बोटांकडं बघत राहिली. त्या दिवसापासून आमच्याकडं संध्याकाळी चहाचा एक कप जास्त होतो. मी काही विचारत नाही.

चाचा यंदा निवृत्त झाले. हार, नारळ, न ऐकू येणारा माईक आणि ज्यांना चाचांचं नाव चिठ्ठीवरून वाचावं लागलं अशा लोकांची भाषणं झाली. जुनं दप्तर आता जिल्ह्याला जाणार होतं. कार्यक्रम उरकल्यावर चाचांनी मला बाजूला घेतलं.

"सर, एक डाव तुमच्या वडलांचं नाव पुकारतो. त्यांच्या जागी तुमी हाजीर म्हना. मला जरा हलकं वाटंल."

मला हे सगळं नाटकी वाटलं. तरी गेलो आणि चिंचेखाली उभा राहिलो. दुपारचं ऊन होतं, कोर्टाला सुट्टी झालेली, आवारात चिटपाखरू नव्हतं. चाचा वहाणा काढून कोर्टाच्या जुन्या दारात उभे राहिले, पाठ रेकॉर्ड रूमकडं, तोंड माझ्याकडं. "प्रतिवादी दौलत रामा हाजीर होऽऽ!" म्हातारपणीही तो आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला असणार. दुसरा पुकारा झाला. मग तिसरा.

"हाजीर!"

कवायतीच्या मैदानावर देतात तसं. तोडून, मोठ्यानं.

चाचांनी डोळे पुसले, वहाणा पायांत सरकवल्या आणि माझ्याजवळ येऊन हात हातात घेतला. "आला ऐकू, सर. लय खणखणीत." मग ते कवठे महांकाळच्या गाडीला गेले, तिथं त्यांची लेक असते. पावसाळ्याआधी तिचा फोन आला, चाचा गेले म्हणून. शेवटच्या दिवसांत ते मोठे शांत होते, म्हणाली. भेटीला आलेल्या दर माणसाला सांगायचे, फौजीच्या पोरानं माझं ओझं उतरवलं.

त्या दुपारी मी तोंड उघडलंच नव्हतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.