कुरडई फेकायची नसते

हीथ्रो विमानतळावर माझी बॅग उघडली गेली ती सोऱ्यामुळे. पितळी सोऱ्या, सासूबाईंच्या वापरातला, वर दट्ट्या आणि खाली भोकांची चकती. यंत्राच्या पडद्यावर तो कसा दिसला असेल कोण जाणे, पण एक अधिकारी हातमोजे चढवून आला आणि म्हणाला, "हे काय आहे?" नाशकात तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला इंग्रजी येत होतं, पण सोऱ्याचं इंग्रजी कुणालाच येत नसतं. शेवटी मी हवेत दट्ट्या दाबला आणि खाली बोटं वळवळवून दाखवली. त्याने चकतीच्या भोकांतून माझ्याकडे पाहिलं, "पास्ता" असं स्वतःशी म्हटलं आणि बॅग बंद केली.

तेव्हा मी साठीची होते. आता ऐंशीला टेकले आहे, त्यामुळे त्या बाईला नावं ठेवायचा मला पुरता अधिकार आहे. ती स्वतःला फार शहाणी समजायची. वर्गात फळ्यावर 'सर्व माणसे समान आहेत' हे इतक्या वेळा लिहिलेलं, की ते आपल्यालाही लागू आहे हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

मी गेले होते लेकीच्या, मुक्ताच्या बाळंतपणाला. नात झाली. मी नाशिकला फोन लावला आणि ह्यांना सांगितलं, "मुलगी झाली. गोरी आहे हो." वजन नंतर सांगितलं, बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं त्याच्याही नंतर.

मुक्ताचं घर लंडनच्या पूर्वेला, इल्फर्डच्या पलीकडे होतं. टेरेस्ड घर (भिंतीला भिंत लावून ओळीने उभी केलेली घरं), पुढे चार पावलांची बाग आणि कमरेएवढी विटांची भिंत. शेजारी शहाबेन. त्यांचं कुटुंब युगांडातून नेसत्या कपड्यांनिशी हाकललं गेलेलं, म्हणून त्यांचा कुणावरच चटकन विश्वास बसत नसे. गल्लीवर लक्ष ठेवणारं रहिवाशांचं एक मंडळ होतं. त्याच्या त्या प्रमुख, सचिव आणि बहुधा एकमेव सभासद. त्यांच्याकडे तारेची एक वही असायची.

रोज अकराच्या सुमारास रस्त्यावरून एक उंच, काळा माणूस जायचा. पन्नाशीचा, डोक्याला गवती हॅट, चाल निवांत. जाताना प्रत्येकाच्या बागेत डोकवायचा. तो दिसला की साठीची ती शहाणी बाई मंगळसूत्र पदराखाली सारायची. तिसऱ्या दिवशी मी भिंतीवरून शहाबेनना म्हटलं, "हा माणूस रोज आपल्या घरांकडे बघत जातो. मला काही बरं दिसत नाही."

शहाबेननी ते वहीत लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय म्हणजे परदेशातही आपण कुणीतरी आहोत.

मग जुलैत ऊन पडलं. इंग्रज लोक रस्त्यात उघडे फिरायला लागले, वर्तमानपत्रं उन्हावरच भरू लागली आणि मला नाशिकचा चैत्र आठवला. असं ऊन वाया घालवायचं म्हणजे काय? मी गहू भिजत घातले. तिसऱ्या दिवशी मुक्ता नाक धरून खाली आली.

"आई, अगं, घरात काहीतरी मेलंय."

"काही मेलेलं नाही. गहू आंबलेत. उद्या चीक काढायचा."

"कौन्सिलचे लोक येतील."

"येऊ देत. त्यांनाही चीक देऊ, दूध-साखर घालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी चीक शिजवला, बागेत खुर्च्यांवर फळ्या टाकल्या, त्यांवर ह्यांचं जुनं धोतर अंथरलं आणि सोऱ्याने कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. मग हातात काठी घेऊन दाराच्या सावलीत राखणीला बसले. नाशकात कावळे असतात, इथे कबुतरं आणि खारी. इंग्लंडची खार मांजराएवढी असते आणि कुणाला भीत नाही.

अकरा वाजता हॅटवाला आला आणि भिंतीशी थांबला. मी काठी उचलली.

"मॅडम, मी खार नाही," तो म्हणाला. "पण तुमच्या मागे आहे ती आहे."

मागे खरंच खार होती, तोंडात कुरडई घेऊन. आम्ही दोघांनी तिला हाकललं. त्याचं नाव एव्हर्टन. बसचा ड्रायव्हर. पहाटेची पाळी संपवून घरी जाताना लोकांचे गुलाब बघत जायचा, कारण त्याचे स्वतःचे गुलाब दर वर्षी मरायचे. आईवडील जमैकाचे, तो जन्मला इथल्याच इस्पितळात. मी त्याला चीक खायला घातला. त्याने डोळे मिटून दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाला, "मिसेस पी, याची चव माझ्या आजीच्या लापशीसारखी आहे." पाटणकर त्याला झेपत नव्हतं, म्हणून मी मिसेस पी.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून मदतीला आला. अर्धी वाळलेली कुरडई उलटायला नाजूक हात लागतो. पहिली त्याने चिवड्यासारखी करून टाकली. मी शाळेतल्या आवाजात सांगितलं, "कुरडई फेकायची नसते. टाकायचीही नसते. तळहातावर घ्यायची, वाकायचं आणि ठेवायची." त्याने तीनदा करून दाखवलं. विद्यार्थी चांगला होता.

तिसऱ्या दिवशी तो असाच वाकून कुरडया उलटत होता आणि मी दाराच्या सावलीत होते. शहाबेनना त्यांच्या खिडकीतून मी दिसत नव्हते. मुक्ताच्या खिडकीखाली वाकलेला तो मात्र दिसत होता. वहीत नोंद होतीच. त्यांनी फोन केला.

गाडी आली, दोन पोलीस उतरले. दोघेही तरुण. एकाने विचारलं, "इथे राहतोस का?"

"नाही, सर. या बाईंना मदत करतोय."

मी तीन हातांवर उभी होते. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. मी "हेल्पिंग, हेल्पिंग" म्हणत पुढे झाले, तर दुसरा म्हणाला, "मॅडम, आत जा."

"हातात काय आहे ते टाक," पहिला ओरडला.

एव्हर्टनच्या तळहातावर कुरडई होती. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती ठेवण्यासाठी तो सावकाश वाकला, जसं मी शिकवलं होतं तसं.

पुढचं फार पटकन झालं. दोघे त्याच्या अंगावर गेले, हात मागे पिरगाळला आणि त्याला तोंडघशी ह्यांच्या धोतरावर पाडलं. फळ्या मोडल्या. त्याच्या खांद्यातून आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. खाली पडल्या पडल्या तो शांत आवाजात सांगत होता, "मी काही करत नाहीये, सर. मी काही करत नाहीये." अशा वेळी कसं बोलायचं हे त्याला आधीपासून माहीत होतं, हे मला त्या आवाजावरून कळलं.

खांदा निखळला होता. वर त्याच्यावरच खटला भरला, हुकूम मोडून झटापट केल्याचा. दोषी ठरला असता तर पंचवीस वर्षांची नोकरी जाणार होती. पोलिसांचं म्हणणं एवढंच, की टाक म्हटल्यावर त्याने टाकलं नाही, तो कशासाठी तरी खाली वाकला. तो का वाकला हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाचं कुणी ऐकणार नव्हतं.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये एव्हर्टनसाठी सभा भरणार होती. मी तिथे बोलणार म्हटल्यावर संध्याकाळी आमच्या घरी बैठक बसली. जावई सुहासराव नागपूरचे, अतिशय सज्जन. लंडनमधल्या बॉम्बस्फोटांना नुकतं वर्ष झालं होतं. ते ट्रेनमध्ये पाठीवरची बॅग मांडीवर उघडी ठेवून बसायचे, लोकांना आतला डबा दिसावा म्हणून.

"आई, अहो, आपण व्हिसावर आहोत," ते म्हणाले. "पोलिसांच्या भानगडीत आपलं नाव नको. तुम्ही ऑक्टोबरमध्ये परत जाल. आम्हाला इथे राहायचंय."

"सुहासराव, तुमचा डबा रोज लोकांना दाखवता ना? मग मी काय पाहिलं ते एकदा मला दाखवू द्या."

त्यांनी बॅगेची चेन लावली. मग म्हणाले, "सोडायला मी येतो. पण मी बाहेर गाडीत थांबेन."

रविवार आला. मी डब्यात वाचलेल्या कुरडया घेतल्या. हॉल गच्च भरलेला. नर्सबाया, बसवाले, पगडीवाले दोन सरदारजी, एक गोरी शिक्षिका. एक सॉलिसिटर (वकिलीणबाई) टेबलाशी लिहून घेत होती. तिने विचारलं, "ज्यांना रस्त्यात अडवून झडती घेतली गेलीय त्यांनी हात वर करा." जवळजवळ सगळ्या काळ्या पुरुषांचे हात वर गेले. कुणी चिडलं नाही, कुणाला नवल वाटलं नाही. मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "दोन्ही हात वर करू का? एक हात पुरत नाही." हॉल हसला. असं हसणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

माझी पाळी आली. मी वर्गात आहे असं समजले. पुढच्या रांगेतल्या धिप्पाड माणसाच्या हातात कुरडई दिली आणि म्हटलं, "टाका." त्याने टाकली. फरशीवर चुरा झाला. दुसरी दिली. "आता न मोडता खाली ठेवा." तो हळूहळू वाकला, गुडघे कडाडले, जीभ बाहेर आली, आणि कुरडई अख्खी जमिनीवर टेकली.

"एव्हर्टन यासाठी वाकला," मी म्हटलं. "मी शिकवलं होतं म्हणून."

टाळ्या पडल्या. खरं तर तिथेच बसता आलं असतं. साठीच्या बाईला बसायचंही होतं. पण पहिल्या रांगेत एव्हर्टन गळ्यात हात बांधून बसला होता आणि शेजारी त्याची बायको मर्लीन.

"आणखी एक आहे," मी म्हटलं. "शेजारणीच्या वहीत त्याची नोंद होती. ती मी सांगितली होती. तो रोज गुलाब बघायचा आणि मी माझं मंगळसूत्र बघायचे."

मग एव्हर्टन म्हणाला, "मिसेस पी, मला ठाऊक आहे. मी पस्तीस वर्षं बस चालवलीय, तुमची काठी मला लांबूनच दिसते."

"पंचवीस," मर्लीन म्हणाली.

"ती काठी बघितल्यावर पस्तीस वाटली."

लोक हसले, मर्लीन हसली नाही. ती उठून माझ्यापुढे आली. "हे इथे बोलणं सोपं आहे. सही करून द्याल? दोन्ही गोष्टी?"

"दोन्ही."

"तुमचा जावई गाडीत का बसलाय? येताना पाहिलं मी."

मागून आवाज आला, "गाडीत नाही बसलेला." सुहासराव दाराशी उभे होते, पाठीवर बॅग. माझं इंग्रजी जिथे अडलं तिथे त्यांनी सांगितलं आणि जबाब पुरा होईस्तोवर बाजूला बसून राहिले. मग मर्लीनने चुऱ्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. "कच्चीच खायची असते का?"

"तळायची असते."

"मग तळा की."

त्या आठवड्यात चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही पंधरा किलोचा चीक काढला. वासाने पाद्रीबाबा पळाले. सोऱ्यावर मर्लीन. तिच्या दंडात असा जोर, की सासूबाई असत्या तर तिला सून करून घेतलं असतं. शहाबेनही आल्या, मान खाली घालून, थेपल्यांचा डबा घेऊन. वही त्यांनी आपणहून वकिलीणबाईंना दिली. मर्लीनने थेपले घेतले, "थँक यू" मात्र म्हटलं नाही. ते म्हणायला तिला सप्टेंबर उजाडावा लागला.

पुढच्या शनिवारी सगळे पोलीस चौकीसमोर जमले. घोषणा झाल्या, चर्चच्या बायका गायल्या. मी साडीवर कार्डिगन, पायात मुक्ताचे बूट, हातात काठीला लावलेला पुठ्ठा. त्यावर मराठीत 'मी पाहिलं' आणि खाली तेच इंग्रजीत. मग एव्हर्टनने बरा हात वर केला आणि आम्ही प्रत्येकाने तळहातावरची कुरडई, वाकून, अलगद, फुटपाथवर ठेवली. चौकीच्या दारापर्यंत पांढरी रांग. दारातून एक पोलीस बाहेर आला, थांबला, आणि एकेका कुरडईच्या मधून पाऊल टाकत, हात पसरून तोल सांभाळत पलीकडे गेला. एकही मोडली नाही.

तेवढ्यात कबुतरं उतरली. सवयीने मी पुठ्ठ्याची काठी उगारून धावले, आणि सगळा रस्ता हसायला लागला. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात फोटो आला तो माझाच, कबुतरांवर चालून जाताना. ह्यांनी तो नाशकात गल्लीभर दाखवला.

सप्टेंबरमध्ये खटला मागे घेतल्याचं पत्र आलं. एव्हर्टनने ते आमच्या बागेत उभं राहून मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग मर्लीनने चष्मा लावून वाचलं, काही उलटं तर नाही ना म्हणून. तो परत बसवर रुजू झाला. त्या दोन पोलिसांविरुद्धची तक्रार मात्र दोन वर्षं रखडली आणि शेवटी 'जास्तीचं प्रशिक्षण देऊ' एवढंच उत्तर आलं. माफी कुणी मागितली नाही. एव्हर्टनचा खांदा थंडीत दुखतो, अजून.

ऑक्टोबरमध्ये मी निघाले. विमानतळावर बॅग यंत्रातून सरळ गेली, कुणी थांबवलं नाही. सोऱ्या मर्लीनकडे ठेवला होता.

नाशकात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका नातीचे फोटो बघायला आल्या. फोटो हातोहात फिरले, आणि एकीने विचारलंच, "बाळ गोरं आहे म्हणे?"

उत्तर जिभेवर आलं होतं. पाच महिन्यांपूर्वी मीच ते फोनवरून पाठवलं होतं. मी चहाचा घोट घेतला.

"तिला दोन दात आलेत," मी म्हटलं, "आणि ती फार जोरात चावते."

बायका हसल्या आणि फोटो पुढे सरकले. मी सवयीने आजूबाजूला पाहून घेतलं. आपलं बोलणं कुणाच्या वहीत जाऊन बसेल, काही सांगता येत नाही.