देवकाची आवडती कादंबरी

गेल्या मंगळवारी विड्या वळता वळता माझे हात थांबले. बालाघाटात आमच्या वॉर्डात मी इतकी वर्षं विड्या वळते आहे... वळणारीचे हात असे थांबत नाहीत, घरात कोणी गेलं तरच थांबतात.

आधी सांगते, आमच्याकडे वाचन कसं चालतं. आम्ही बायका शकूच्या पडवीत सूप मांडीवर घेऊन बसतो. शकू मॅट्रिक झालेली, तिचा नवरा गोंदियाच्या वाचनालयातून मराठी पुस्तकं आणतो. ती मोठ्याने वाचते, आम्ही वळतो, आणि तिच्या वाटणीच्या विड्या सगळ्या मिळून भरून देतो. मी तिसरीतून शाळा सोडलेली... पण कानाने पुष्कळ वाचलं आहे.

सध्या शास्त्राच्या कादंबऱ्यांचं वेड आहे. रडक्या कादंबऱ्या आम्ही बंद केल्या. रडायला घर आहे.

तर त्या दिवशी एक पुस्तक संपलं आणि शकू म्हणाली, प्रत्येकीने सांगा कोणती सगळ्यात आवडली, तीच पुन्हा आणू. सुशीलाने मंगळावरची सांगितली. तिथे पाणीच नाही, म्हणजे भरायलाही जावं लागत नाही. मी गोळीची सांगितली. एक गोळी खाल्ली की महिनाभर भूक नाही... चूल नाही, भांडी नाहीत. याहून चांगलं पुस्तक कोणाला माहीत असेल तर मला सांगा.

देवका मान खाली घालून म्हणाली, "मले बरणीवाली."

म्हणजे काचेच्या बरणीत मूल वाढवतात ती. सगळ्या भराभर वळायला लागल्या. देवकाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. सासू गिरजाबाई पोराला, रामदासला, दुसरी बायको करायला निघालेली. शनिवारी कटंगीला मुलगी पाहायला जायचं पक्कं झालं होतं, आणि हे वॉर्डभर ठाऊक होतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अवं, पुस्तक आहे ते. लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जाते?"

"चंद्राचंही पुस्तकच होतं ना, काकी," ती म्हणाली. "तवा तुमी हासल्या. मंग रेडिओवर सांगतलं का नाही, माणूस जाऊन आला म्हणून?"



"म्हणून मी इचारून आली," ती म्हणाली. "दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईले. बरणी इथंच भेटते का नागपूरले जा लागते."

सुशीलाच्या सुपातला तंबाखू सांडला. ही पोरगी घरात कोणाला न सांगता एकटी गेली आणि डॉक्टरीणबाईला बरणी मागून आली. मी विचारलं, डॉक्टरीणबाई हसली असेल, हाकलून दिलं असेल?

"नाही हासली. म्हणे परदेशात तसं करून पाहून राह्यले, अजून जमलं नाही. मंग मले तपासलं. म्हणे तुह्यात खोट दिसत नाही, आता नवऱ्याले घेऊन ये. त्याले तपासू."

तिथे माझे हात थांबले.

नवऱ्याला? पुरुषाला कशाला तपासायचं? मूल न होणं बाईचंच, असं मी जन्मभर धरून चालले. माणूस चंद्रावर गेला तेव्हाही मी इतकी चक्रावले नव्हते. शकू मॅट्रिक, पण तीही म्हणाली, "पुस्तकात असं काही नव्हतं."

मी देवकाला विचारलं, "रामदासले सांगतलं काय?"

"हौ. म्हणे पुन्हा हे तोंडातून काढलं तर माहेरी टाकून येईन."

मी सूप खाली ठेवलं आणि सरळ गिरजाबाईच्या दारात गेले. ती तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "गिरजाबाई, दुसरीलेही नाही झालं तर तिसरी आणाल काय? आधी रामदासले डॉक्टरले दाखवा."

तिचं सूप हातातच राहिलं. मग म्हणाली, "माह्या पोरात खोट काढतं? चालती हो."

मी चालती झाले. पण बुधवारी देवका विड्यांना आली नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही... माझ्या तोंडामुळे तिला माहेरी टाकलं की काय, हेच डोक्यात. सुशीला म्हणाली, "तुमाले बोलल्याबिगर राहवत नाही." खरंच नाही राहवत.

शनिवारी न राहवून मी बसस्टँडवर गेले. गिरजाबाई नव्या लुगड्यात उभी, बाजूला रामदास पडलेल्या तोंडाने. समोर कटंगीची बस लागलेली. म्हटलं, संपलं.

बस सुटली... ही दोघं जागची हलली नाहीत. तेवढ्यात नळावरून पाण्याची बाटली भरून देवका आली आणि सासूशेजारी उभी राहिली.

गिरजाबाईने मला पाहिलं, तोंड फिरवलं, मग स्वतःच जवळ आली. "पाहून काय राह्यली? गोंदियाले नेऊन राह्यली याले, मोठ्या दवाखान्यात. इथं नेलं तर तू वॉर्डभर करशील."

मी म्हटलं, "तुमी तर मले हाकललं."

"हौ, हाकललं. मंग रातभर झोप नाही. माह्या मामेसासऱ्यानं तीन बाया केल्या होत्या. एकीचीही कूस उजवली नाही." एवढं बोलून ती गोंदियाच्या बसमध्ये चढली, पोराचा दंड धरून.

तपासणीत काय निघेल ते निघो. बरणीचं पुस्तक लिहिणारा कोण, कुठला, मला माहीत नाही... त्याचे उपकार की एक बाई उठून विचारायला तरी गेली.

मी मात्र अजून त्या मामेसासऱ्यापाशीच अडकले आहे. त्या तिन्ही बाया मीही पाहिल्या होत्या. तिघी वांझ एकाच घरात कशा काय जमल्या, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नाही.