मान्याना म्हणजे सकाळ

दौंडच्या आमच्या शाळेत पूनमला स्पॅनिश येतं ही बातमी आधी कुणी आणली कोण जाणे, पण ती सातवीच्या वर्गापर्यंत पोचवली शिपाई भिमाने. मग पोरं मधल्या सुट्टीत तिच्या मागे लागली. "बाई, स्पेनचं काहीतरी बोला ना." दुसरी कुणी असती तर दोन शब्द फेकून भाव खाल्ला असता. पूनमचा चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा झाला. "मला येत नाही," एवढं म्हणून ती उरलेली सुट्टी प्रयोगशाळेत जाऊन बसली.

मी गणित शिकवते आणि तोंडाने फटकळ आहे. मी तिला सरळ विचारलं, "येत नाही तर तुझ्या माहेरची माणसं सगळीकडे सांगत का सुटलीत?" तेव्हा ती वह्या उचलून वर्गावर निघून गेली. पुढे आम्ही दोघी प्रशिक्षणासाठी शिरूरला गेलो होतो. परतताना न्हावऱ्याच्या पुढे एसटी पंक्चर झाली, आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसून तिने सगळं सांगितलं. अर्धं रडत, अर्धं स्वतःला शिव्या देत. बाईने स्वतःवर इतकं चिडू नये, असं मला ऐकताना वाटत होतं. सगळं ऐकून झाल्यावर मात्र तसं म्हणायला माझी जीभ रेटेना.

पूनम निमोण्याची. धनगराचं घर. आईचे वडील, गेणबा, मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. पुढच्या पिढीने मेंढरं विकली आणि शेती धरली. या घरातली पूनम शिरूरला बी.ए. झाली आणि २००१ साली एम.ए.साठी पुण्याला विद्यापीठात गेली. तिथे तिची पार मुकी बाहुली झाली. तोंडातून 'हाय' नाहीतर 'न्हाई' निसटलं की हॉस्टेलच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घ्यायचं आणि मगच बोलायचं. तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

स्पॅनिशच्या पहिल्या पायरीच्या वर्गात ती गेली ती केवळ जर्मनच्या जागा भरल्या होत्या म्हणून. पण तिथे गंमत झाली. वर्गात कॅम्पातली इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलं होती, आणि त्या सगळ्यांची बोबडी वळत होती. कुणाचंच बोलणं शुद्ध नव्हतं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर एक छोटा शब्द लिहिला आणि वाचायला सांगितला. पूनमने अक्षरं जुळवून वाचलं, "हाय." बाई हसल्या, म्हणाल्या, "या भाषेत एच मुका असतो. आय म्हण. अर्थ, आहे." पूनमला हसू आवरेना. जो 'हाय' ती पुण्याला आल्यापासून दाबून ठेवत होती तो या लोकांच्या पुस्तकात छापलेला होता, आणि बोलताना त्याची 'आय' होत होती.

मग आला 'मान्याना'. बाई म्हणाल्या, "हा शब्द जरा फसवा आहे. याचा अर्थ सकाळ, आणि याचाच अर्थ उद्या." कॅम्पातल्या मुलांना ते पटेना. एकाच शब्दात दोन्ही कसं मावेल म्हणे. पूनम न विचारता उभी राहिली. "आमच्याकडं असंच हाय बाई. सकाळच्याला ये म्हटलं की उद्या ये." वर्ग हसला, पण बाईंनी तिला जवळ बोलावून पाठ थोपटली. त्या दिवसापासून हा शब्द आपल्या घरचाच आहे असं पूनमला वाटायला लागलं. माझ्या मते सगळा घात तिथेच झाला. माणूस अनोळखी गोष्टीला जपून हात लावतो, घरच्या गोष्टीला कशाला जपेल?

तिचे मामा बिरदेव कोरेगाव भीमाला राहायचे आणि रांजणगावला एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंत्राटी हेल्पर होते. परमनंट व्हायची त्यांची वेळ आली होती. यादीत नाव होतं. पूनमचं त्यांना भारी कौतुक. कंपनीच्या बसमध्ये बसतील तिथे सांगायचे, "आमचा म्हातारा मेंढरांशी बोलायचा, आमची भाची स्पेनच्या माणसांशी बोलती." प्रत्यक्षात भाचीने स्पेनचा माणूस तोवर पाहिलाही नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत पूनम मामांकडे आली, आणि तेव्हाच कंपनीत नवी मशीन बसवायला एक स्पॅनिश फिटर आलेला. वयस्कर माणूस, इंग्रजी जेमतेम. त्याच्याबरोबरचा दुभाषा काविळीने आडवा झाला. मामांनी सुपरवायझरला सांगितलं, "हमारी भांजी है ना." झालं. दुसऱ्या दिवशी पूनम ठेवणीतली साडी नेसून कंपनीच्या बसमध्ये. तिला खुर्ची दिली, कोल्ड्रिंक दिलं. लोक 'मॅडम' म्हणायला लागले. मामाही मॅडमच म्हणत होते.

दिवस बरा गेला. पाना, बोल्ट, वर, खाली, सावकाश, एवढ्यावर निभावलं. जे कळलं नाही ते फिटरने हातवारे करून सांगितलं. संध्याकाळी मशीनसाठी बांधलेल्या चौथऱ्यात मोठे बोल्ट उभे करून त्यांच्याभोवती खास सिमेंट ओतलं. फिटरने हात धुतले, त्या सिमेंटकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "नो तोकार आस्ता पासादो मान्याना." मग तो पुण्याला हॉटेलवर जायला निघाला.

हात लावू नका, अमुक वेळेपर्यंत. एवढं पूनमला कळलं. मान्याना तर घरचाच शब्द. पासादो म्हणजे गेलेलं, उलटलेलं. 'मागचं वर्ष' या धड्यात तो येऊन गेला होता. तिने मनात जुळवलं: उद्याची सकाळ उलटेपर्यंत. कुठेतरी काहीतरी खटकलं होतं, हे ती स्वतः सांगते. 'पुन्हा सांगा' हे वाक्य पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि ते तिला पाठ होतं. पण बारा-पंधरा माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि मामा सगळ्यांत पुढे उभे होते. तिने विचारलं नाही. म्हणाली, "उद्या सकाळ उलटून जाईपर्यंत हात लावायचा नाही."

सुपरवायझर बिहारचा. "क्या बोला मॅडम ने?" त्याने विचारलं. पूनमला हिंदी येत होतं, पण मामांनी तिला बोलू दिलं नाही. मान ताठ करून त्यांनीच सांगितलं, "कल दोपर के बाद काम चालू करने का, सायब बोला."

पासादो मान्याना या दोन शब्दांचा मिळून अर्थ होतो परवा. तो धडा दिवाळीनंतर होता.

दुसऱ्या दिवशी फिटर आला नाही, यायचाच नव्हता. जेवणाच्या सुट्टीनंतर माणसांनी चेन लावून मशीन उचललं आणि बोल्टांवर टेकवलं. सिमेंट आत अजून ओलं होतं. एका बाजूचे बोल्ट हलले, मशीन सरकलं, आणि बिरदेव मामांचा उजवा पाय त्याखाली आला. शिरूरच्या दवाखान्यात पाय वाचला, पण पंजा वाचला नाही.

फिटर आला तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. पुण्याहून दुसरा दुभाषा आणला होता. त्याने सांगितलं की साहेबांनी परवापर्यंत थांबायला सांगितलं होतं. मग चौकशी. सुपरवायझर म्हणाला, मला बिरदेवने कल सांगितलं. सेफ्टी ऑफिसर फाईल घेऊन दवाखान्यात आला. पूनम खाटेशी उभी होती, मामांच्या उशाशी. तिच्याकडे त्याने नुसतं आदराने बघितलं. विद्यापीठात शिकणारी मुलगी, ती कशी चुकेल? त्याने मामांना विचारलं, "मॅडमनी परवाच सांगितलं असणार. तुम्ही हिंदीत सांगताना घोळ केला ना?"

मामांनी उशाकडे मान वळवली. मग म्हणाले, "व्हय सायब. माझ्याच ऐकण्यात चूक झाली."

पूनमने तोंड उघडलं नाही. लिंबाखाली बसून हे सांगताना तिने स्वतःच्या तोंडावर खरोखर चापट मारून घेतली. "मी भ्यायले गं," ती म्हणाली. "नुसती भ्यायले. दुसरं काही कारण नाही."

यादीतून मामांचं नाव गेलं. ठेकेदारानेही परत घेतलं नाही. सांगितलेलं उलटं ऐकणारा माणूस मशीनवर कोण ठेवील? मामांनी वढूच्या रस्त्याला चहाची टपरी टाकली. आणि घरात एक नवीनच गोष्ट सुरू झाली. मामांना नीट ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी धरून टाकलं. धुरपदामामी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत आहेत. मामी म्हणाल्या, डॉक्टरला काय कळतंय. लग्नकार्यात पाहुणे मामांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे. मामा मान हलवायचे, हसायचे. आणि पूनम तिथे असली की उठून आत जायची.

मामांना खरंच आपलं ऐकणं चुकलं असं वाटतं की ते जाणून खोटं बोलले, हे तिला कळेना. पहिलं खरं असेल तर तिने त्यांच्या पायाबरोबर कानही नेले. दुसरं असेल तर त्याहून वाईट. विचारायची हिंमत व्हायला सहा वर्षं गेली. मधल्या काळात तिचं एम.ए. झालं, बी.एड. झालं, दौंडला लग्न झालं, नोकरी लागली. स्पॅनिशच्या वर्गाची पायरी मात्र ती दिवाळीनंतर चढलीच नाही. त्या बाई फळ्यावर काय लिहितील याची तिला धास्ती वाटायची. घरी विचारलं तेव्हा 'पास झाले' म्हणून मोकळी झाली. ते ऐकून मामांनी टपरीवर दिवसभर गिऱ्हाइकांना पेढे वाटले.

गेल्या मे महिन्यात ती कोरेगावला गेली. टपरीवर एक गिऱ्हाईक चहा सांगत होतं. मामी तिथेच भांडी घासत होत्या. त्या सवयीने ओरडल्या, "दोनदा सांगा, त्येंना उलटं ऐकू येतं!" गिऱ्हाईक हसलं. मामाही हसले. या वेळी पूनम उठून गेली नाही. मामी भांडी घेऊन घराकडे गेल्या, गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं, तशी ती मामांपुढे जाऊन उभी राहिली.

"मामा, तुमचं ऐकणं चुकलं नव्हतं. मीच चुकीचं सांगितलं. त्यो परवा म्हणाला हुता."

"मला ठावं हाय," मामा म्हणाले.

"कवापास्नं?"

"दवाखान्यात त्यो सायब आला न्हवं, तवा तुझं त्वांड बघितलं की." त्यांनी दूध उतू जायच्या आत स्टोव्ह बारीक केला. "मला वाईट वाटलं ते येगळंच. त्या फिटरनं जाताना मला दोन बोटं दाखवली हुती. मी बघितली. पन तू सकाळ उलटल्यावर म्हणालीस, म्हणून मी धरलं, दोन वाजता. जेवान झालं तरी मी सगळ्यांना दोनपत्तुर थांबवून ठिवलं हुतं. बोटं दोन दिसांची हुती, व्हय का न्हाई?"

पूनमने मान हलवली. मग तिने विचारलं.

"मग सायबाला सांगितलं का न्हाई तुमी? नोकरी ऱ्हायली असती."

"आन् तुझं काय? कंपनीनं विद्यापीठात कळवलं असतं, पोरीनं माणसाचा पाय घालवला म्हणून. तुझा त्यो वर्ग बंद पडला असता. माझा पाय तर गेलाच हुता. म्हणलं, घरात एक तरी भाषा येऊ दे." ते हसले. "मी भैरा तर भैरा. पन भाची पास झाली."

इथे पूनम सांगता सांगता थांबली. समोर ड्रायव्हर-कंडक्टर एसटीचं चाक बसवत होते, आणि ती लिंबाखाली पदराचं टोक पिळत होती. आत्ता गप्प बसलीस तर तुला जन्मभर असंच गप्प बसावं लागेल, असं तिने त्या दिवशी टपरीवर स्वतःला बजावलं म्हणे. एकदा गप्प राहून काय झालं ते समोरच दिसत होतं, एका पायावर भार देऊन उभं.

"मामा," ती म्हणाली, "मी पास न्हाई झाले. तुमचा पाय गेल्यावर त्या वर्गाला परत गेलेच न्हाई."

मामा चहा गाळत होते. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. गाळणी कपावर तशीच राहिली, चहा पुरता गळून गेला तरी.

"काय म्हणलीस?" त्यांनी विचारलं. "मोटारींच्या आवाजात काय ऐकू आलं न्हाई बघ."

वढूच्या त्या रस्त्यावर तेव्हा साधी सायकलसुद्धा नव्हती, असं पूनम मला म्हणाली. मामा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे तिला विनवत होते.

"काय न्हाई मामा," ती म्हणाली. "चहा झाला का, इचारलं."