आक्कांच्या ठुशीचा दोरा

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लेकीच्या लग्नाची भांडी घासून परत पाठवत होते. दवाखान्यातला कंपाउंडर दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का खुर्चीत बसल्या बसल्याच..." हातातलं पातेलं मी नीट खाली ठेवलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

आक्का माझी थोरली जाऊ. स्वातंत्र्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी त्या शाहूपुरीत बायकांच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागल्या. डॉक्टरीणबाई इंग्रजी शब्द टाकून मोकळ्या होत. ते बायकांना समजेल असं सांगायचं काम आक्कांचं. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. हॉर्मोन म्हणजे ग्रंथीनं रक्तातून धाडलेला सांगावा. ओव्हरी म्हणजे बीजकोश... एकदा मी डबा द्यायला गेले, तर गारगोटीकडची एक सासू सुनेला पुढं ढकलत होती. "वांझ हाय ही. आता दुसरी बघतो."

"वांझ न्हाय, मावशी," आक्का म्हणाल्या. "हिच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद हाय. तिचा सांगावाच जाईना, तर बीजकोश काय करंल?"

"गळ्याचं आन् पोटाचं काय नातं?"

"तुमचं आन् हिचं हाय तेवढंच की! न्हाय म्हणून चालतंय व्हय?"

सासू हसली आणि सुनेसाठी गोळ्या घेऊन गेली.

घरी मात्र आक्का स्वतःबद्दल बोलत नसत. शेवटची दोन वर्षं त्यांना थंडीतही घाम यायचा. पहाटे उठून सगळ्यांच्या भाकऱ्या थापून त्या कामावर जात. मी सुनांना-लेकींना सांगायची, उरक असावा तर आक्कांसारखा. तीनदा त्यांनी मला ठुशीचा मागचा दोरा सैल करायला लावला. "गळा भरला तुमचा," मी म्हटलं. पोलक्याच्या बाह्या सैल झालेल्या मला दिसत होत्या. पण दोन्ही गोष्टी मी एकत्र धरल्या नाहीत.

लग्नाला पंधरा दिवस असताना त्या म्हणाल्या, "मिरजेला गळा दाखवून येते. ऑपरेशन सांगतील बहुतेक."

"आक्का, एवढं लग्न उरकू द्या. मग मीच येते बरोबर."

"बरं," म्हणाल्या आणि रुखवताचे लाडू वळायला बसल्या. हात थरथरत होते. लाडू वाकडे झाले, आणि आम्ही सगळ्या हसलो.

दिवसकार्य झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी ती वही आणून दिली. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीनं आक्कांचं हृदय दमवलं, एवढंच बोलल्या. वहीत 'थायरॉईड जास्त' याच्यापुढं आक्कांच्या अक्षरात लिहिलं होतं: भूक वाढते, वजन घटते, घाम, हातांना कंप, छातीत धडधड. बाई स्वस्थ बसू शकत नाही. घरच्यांना तो उरक वाटतो.

ठुशी त्यांनी माझ्या लेकीला आहेर म्हणून दिली होती. ती गळ्यालगत बसायला हवी. लेकीच्या गळ्यात खाली उतरते. "आई, दोरा आखडून दे की," असं ती दोनदा म्हणाली. पाच मिनिटांचं काम आहे. ठुशी माझ्यापुढं पडली आहे... दोरा आक्कांच्या गळ्याएवढाच आहे.