सुनीताच्या वाढ्याचा भाव

हे मी नवऱ्यापुढं बोलले न्हाई, सख्ख्या भणीपुढं न्हाई. तुमच्यापुढं का बोलते — ठावं न्हाई. पण आता बोलू द्या.

कुंडलला माझ्या तीन म्हशी हायेत. दूध डेअरीला घालते. त्या साली डेअरीनं दर पाडला आन् कडबा असा भडकला की पेंढीला हात लावायची सोय न्हाई. आटपाडीकडनं येणारा टेम्पोवाला तर भाव असा सांगायचा, जणू सोनंच भरून आणलंय मेल्यानं! मग उरलं काय? वाढं. ऊस तोडला की वरचा हिरवा शेंडा राहतो, तोडकरी बाया त्याच्या मोळ्या बांधून रस्त्याकडंला इकाय बसायच्या.

त्यातली एक सुनीता. बीडकडची. तोडीचा पैसा सगळा मुकादमाकडनं आधीच घेतलेल्या उचलीत वळता व्हायचा, वाढ्याचा तेवढा तिच्या हातात पडायचा. गावाकडं तिची आय अंथरुणाला खिळलेली. एसटीच्या भाड्यापुरतं साठलं की बघून येते, म्हणायची. हे मला आधीपासनं ठावं व्हतं — एवढं ध्यानात असू द्या.

गिऱ्हाईक लय, म्हणून ती भाव सोडंना. आन् मी... कसं सांगू? डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभी व्हते. सहज बोलल्यागत बोलले, "सुनीता तोडते त्या उसाच्या फडावर परवा ड्रोन फिरला म्हणं. औषध मारलंय. म्हशीला घालू नगा गं बायांनू."

कसला ड्रोन आन् कसलं औषध! पण म्हशीच्या जिवाशी कोण खेळणार? दुसऱ्या दिवशी तिच्याकडं कुणी फिरकलं न्हाई. वाढं तर संध्याकाळपातूर वाळून जातं. मग मी गेले. खताच्या खड्ड्यात टाकाय नेते म्हणाले आन् निम्म्याहून कमी भावात मोळ्या उचलल्या. गोठ्याचं दार लावून कुट्टी केली. असं रोजचंच झालं. म्हशी गपागपा खायच्या, दूध वाढलं. मला बरं वाटलं — व्हय, बरं वाटलं, आता खोटं कशाला बोलू?

एकदा तिनं माझा हात धरला. "ताई, तुमचं ऐकतेत सगळे. सांगा ना बायकायला, काही फवारेलं नाही हो त्याच्यावर."

"सांगते की," मी म्हणाले.

सांगितलं? डोंबल सांगितलं! रोज त्याच रांगेत उभी राहायची, त्याच बायांशी हसायची. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? लबाड म्हणाल्या असत्या, एवढंच ना? तेवढंबी सोसायची तयारी नव्हती माझी.

मग एक दिवस गेले, तर ती मोळ्यांजवळ तोंडात पदर कोंबून बसलेली. फोन आला व्हता. आय गेली. भाडं अजून साठलंच नव्हतं.

मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. रडले — खरंच रडले. ती म्हणाली, "ताई, तुमीच तेवढं घेता हो माझं." आन् डोळे पुसून मोळी माझ्या डोक्यावर द्यायला उठली.

मी मोळी घेतली. त्या दिवशीबी, मीच पाडलेल्या त्या भावानं पैसे तिच्या हातावर ठेवले.