भाव वाढला? कळवा!

१२ जानेवारी. आखातातल्या करामा भागातलं घर सोडायचं म्हणून ड्रॉवर रिकामे करत होते, तर एक हिरवा बिल्ला हाती लागला: ‘भाव वाढला? कळवा!’

काही वर्षांपूर्वी इथल्या सरकारने महागाईविरुद्ध मोहीम काढली होती आणि शाळेत मुलांना हे बिल्ले वाटले होते. तेव्हा ह्यांची नोकरी गेली होती. मी परवान्याशिवाय घरून डबे देत होते आणि घर त्यावरच चाललं होतं. तेल कडाडलं म्हणून डब्यामागे दोन दिरहॅम वाढवले होते. फोडणीच्या धुरातून वळून पाहिलं, तर आठ वर्षांची रेवा बिल्ला लावून, फोन कानाशी धरून उभी.

“मम्मा, यू ऑल्सो इन्क्रीज्ड द प्राइस. आय हॅव टु रिपोर्ट.”

पिठाच्या हातांनी मी फोन हिसकावला. पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ चाललं होतं. मी तो बंद केला. हे दारात पांढरेफटक उभे.

“खलास! आता बांध सामान.”

रेवा रडायला लागली. “टीचर सेड एव्हरीबडी हॅज टु हेल्प.”

आता वाटतं, अख्ख्या बिल्डिंगमध्ये ती मोहीम मनावर घेणारी ती एकटीच होती. तेव्हा मात्र आम्ही दाराकडे कान लावून बसलो. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याचा भाव पूर्ववत केला आणि पोळीचा उंडा लहान घेतला.