भोक नसलेला टायर

टायर पाण्याच्या टाक्यात अर्धा बुडवून देवराव आणि मी दोघं वाकून बघत होतो. बुडबुडा काही दिसत नव्हता.

"मावशी, यात काहीच नाई," देवराव म्हणाला. "उगाच टाइम चालला."

"मंग रोज हवा कोन पिऊन राहिलं? मी?"

नागपुरात सक्करदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. आधी नवरा चालवायचा. तो गेल्यावर मी चालवते. माझी शाळा चौथीपर्यंत. बाकी शिकले ते टायर उघडून. देवरावची पीठगिरणी दोन गल्ल्या सोडून आहे. आमचं दळण त्याच्याकडे, त्याची गाडी माझ्याकडे. त्या दिवशी तो बायकोला, शोभाला, सोबत घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं समृद्धी महामार्गाने जालन्याला जाणार होते, मुलीला आणायला. पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा महिना सरत आला होता आणि आठव्यात पोटुशी बाई हलवायची नाही, अशी त्यांच्यात रीत. म्हणून घाई.

गाडीचे दोन टायर हळूहळू बसत होते. एक मागचा, एक पुढचा. हे आजचं दुखणं नव्हतं. देवराव घरच्या छोट्या पंपाने हवा भरायचा आणि गाडी काढायचा. दुकानात आणत नव्हता, कारण पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणायची नाही. मी टायर बदलायला सांगितलं तर पंचाईत. त्यापेक्षा दाखवायलाच नको. घट बसले की बघू, असं त्यांचं ठरलं होतं. आम्ही बौद्ध, आमच्या घरी पितृपक्ष नाही. पण धंद्यात तो दरवर्षी दिसतो. त्या पंधरवड्यात नवा टायर कोणी घेत नाही. खिळे मात्र रस्त्यावर तसेच पडलेले असतात.

मागच्या टायरमध्ये तसाच एक खिळा निघाला होता. बोटाच्या दोन पेरांएवढा. मी पकडीने ओढून काढला तेव्हा शोभाने तोंडाला पदर लावला होता.

"बाप्पा! हा तं कामातूनच गेला."

"नाई गेला," मी म्हटलं. "नीट होते."

खिळा कुठे घुसला ते बघायचं असतं. रस्त्याला टेकणाऱ्या जाड भागात घुसला तर आतून पॅच लावता येतो. बाजूच्या भिंतीत घुसला तर नाही. ती भिंत प्रत्येक फेरीला वाकते, तिथे पॅच टिकत नाही. हा खिळा मधोमध होता. टायर उघडला, आतून स्वच्छ. पॅच लावला आणि तो विषय संपला. शोभाला मात्र तो टायर पटला नव्हता. चोराकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती.

आता हा दुसरा, पुढचा. याला ना खिळा, ना चीर. वरची नक्षी नव्यासारखी खोल. मी पाणी स्थिर होऊ दिलं. दुकानाबाहेर गाड्या चालल्या होत्या, पण टाक्याजवळ आम्ही तिघं श्वास धरून होतो. मग टायर आणि लोखंडी रिम जिथे एकमेकांना चिकटतात, तिथून मोहरीएवढा एक बुडबुडा सुटला. वर आला. फुटला. बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

"ते पाय," मी बोट दाखवून म्हटलं.

"एवढुसा?"

"एवढुसाच. रिमले गंज लागला. तिथून जाऊन राहिली हवा."

"म्हणजे भोक नाई?"

"भोक नाई."

देवराव एकदम खुलला. "पाय वं," तो बायकोला म्हणाला, "म्या म्हटलं होतं का नाई? टायर टिपटॉप हाय. गंज घासा मावशी, बसवून द्या. उगाच घाबरवते ही."

"मी कुठं घाबरवलं? तुमीच रात्री दोनदा उठून टायरले लाता मारून आले."

टायर त्यानेच उचलून मशीनवर ठेवला. मशीन टायरची कड रिमवरून सोडवते. टायर सुटला, मी तो आडवा केला आणि आतून आवाज आला. वाळू सरकते तसा. मी हात थांबवला. मग टायर उलटा केला.

फरशीवर काळी भुकटी सांडली. ओंजळभर.

इतकी वर्षं मी हे काम करते. अशी भुकटी पाहिली आहे, पण चिमूटभर. एवढी नाही. मी टायर उन्हाकडे धरला आणि आत पाहिलं. भिंतीच्या आतल्या बाजूने, पूर्ण गोल, चार बोटं रुंद पट्टा खरवडला गेला होता. बाहेरून तीच भिंत चकचकीत. मी आत बघायची, बाहेर बघायची, पुन्हा आत बघायची.

लोकांना वाटतं गाडी रबरावर चालते. गाडी हवेवर चालते. रबर फक्त हवा धरून ठेवतं. एका टायरचा तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. असे चार तळहात, त्यांवर अख्खी गाडी, माणसं आणि सामान. हवा कमी झाली की वजन भिंतीवर येतं. भिंत दुमडते, सुटते, पुन्हा दुमडते. आतलं रबर तापतं आणि रबरालाच घासतं. हे सगळं बंद दाराआड चालतं. बाहेरच्याला पत्ता नाही.

हे मी देवरावला सांगणार होते. पण तो आधीच उकिडवा बसला होता. त्याने भुकटी चिमटीत घेतली आणि अंगठ्याने चोळली. पीठ बारीक आलं की जाड, हे बघायला तो चोळतो, तशी.

"मावशी, चक्की रिकामी फिरली का असंच होते," तो हळू म्हणाला. "दाना नसला का दगड दगडाले खाते."

"हव."

"म्हणजे मी हवा भरून राहिलो होतो, आन हे आतून सोतालेच दळून राहिलं होतं."

"तू सकाळी भरे. पन पोती घातल्यावर, दिवसभर फिरल्यावर किती उरे, ते तू पाहिलं का?"

शोभा पुढे आली. बांगड्या मागे सारल्या आणि हात टायरच्या आत घातला. थोडा वेळ चाचपत राहिली.

"हे सुतळीसारखं काय लागते वं मावशी?"

"दोरे. रबराच्या पोटात असते ते. रबर गेलं, आता दोरेच उरले."

"परवा खाप्याहून गव्हाची पोती आनली आमी. याच्यावर?"

"याच्यावरच."

तिने हात बाहेर काढला. मनगटापर्यंत काळा. तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो. एवढ्या दोऱ्यांनी एवढी गाडी, दोन माणसं आणि गहू खाप्याहून नागपूरला आणला होता आणि वाटेत हूं की चूं केलं नव्हतं. मला त्या टायरचा राग यायला हवा होता. आला नाही. मी त्याच्यावरून हात फिरवला.

"आता?" देवरावने विचारलं.

"आता हा गेला. गंज घासून देतो, हवा एक थेंब जानार नाई. पन समृद्धीचं सिमेंट तापलं का हा जालन्याच्या आधी फुटते."

"स्टेपनी लावू."

स्टेपनी म्हणजे डिक्कीतला जादा टायर. तो काढून पाहिला. पडून पडून त्याला टाचेसारख्या भेगा गेल्या होत्या. घरापर्यंत ठीक, जालन्यापर्यंत नाही.

"नवाच घ्या लागंन," मी म्हटलं.

"अवं, पन पितृपक्ष..."

"पितरं कोनाचे हायत?" शोभा कडाडली. "तुमच्याच घरचे ना? त्याईले काय पणतू नको? मी सांगतो त्याईले. लावा मावशी."

देवरावने मान खाली घातली. मग विचारलं, "नारळ तरी फोडू का?"

"नारळ दसऱ्याले. आता फक्त टायर."

त्या मापाचा टायर माझ्याकडे होता. तो बसवला. रिमचा गंज घासला. त्याच्या जोडीचा डावीकडचा टायरही उघडून पाहिला, तो आतून कोरा होता. मागचा, खिळा खाल्लेला, तसाच ठेवला. भोक पडलेला टायर वाचला आणि भोक नसलेला गेला. याचं मला अजूनही नवल वाटतं.

ते मुलीला घेऊन परतले तेव्हा गाडी आधी माझ्या दुकानासमोर थांबली. मुलगी दार धरून सावकाश उतरली.

"आजी, कुठं हाय तो टायर?"

मी भिंतीशी टेकवलेला टायर दाखवला. तिने आत हात घातला, आईसारखाच. मग काळी बोटं बघत वडिलांना म्हणाली, "बाबा, तुमी याच्यावर मले आनाले निंगाले होते?"

देवराव पलीकडच्या पानठेल्याकडे बघू लागला.

"हात धू आधी," शोभा म्हणाली.

टायरमध्ये खिळा दिसला तर घाबरू नका. हवा रोज जाते आणि काहीच दिसत नाही, तेव्हा घाबरा, आणि टायर खोलून आतून बघा. देवरावचा तो टायर अजून माझ्या दुकानात आहे. पटत नसेल त्याने येऊन हात घालावा. नळाजवळ साबण ठेवला आहे.